बुधवारची फाईल

डेपोत त्याला सगळे 'सातवार' म्हणत. खरं नाव हजेरीपुस्तकात होतं आणि तिथेच ते सुखाने नांदत होतं. नव्याने लागलेल्या एका कारकुनाने तर पहिल्याच दिवशी "सातवारसाहेब" अशी हाक मारली. आडनावच असेल असं वाटलं बिचाऱ्याला. हा हसला नाही की रागावला नाही. "बोला," म्हणाला. असा गरीब माणूस. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही.

त्याची खोली टायरच्या गोदामामागे होती. खिडकी नाही. भिंतीला लागून दोन लोखंडी कपाटं, त्यांत सर्व्हर, वर गार हवेचं यंत्र आणि कोपऱ्यात त्याचं टेबल. बाहेर रबराचा वास, आत गारठा. भर उन्हाळ्यात तो स्वेटर घालून बसे, त्यावरून ड्रायव्हर लोक त्याची टर उडवत. "काय, आज बर्फ पडला का आत?" पण त्या दोन कपाटांत साऱ्या बससेवेचा जीव होता: तिकिटं, आरक्षणं, कुठली गाडी कुठे, कुठल्या ड्रायव्हरला कुठली ड्यूटी, कुणाची सुट्टी कधी. तो जीव सांभाळणं हे याचं काम.

आणखी एक काम होतं, ते त्याला मनापासून आवडे. असा सर्व्हर आपली आपण एक डायरी लिहीत असतो. कोण आलं, किती वाजता आलं, काय बदललं, काय बिघडलं. तिला लॉग म्हणतात. आता ती डायरी काय लिहील, किती लिहील, कुठल्या फाईलीत लिहील आणि जुनं कधी पुसून टाकील, हे माणसाने ठरवून द्यावं लागतं. त्यासाठी सूचनांची एक साधी फाईल असते, एका ओळीत एक सूचना. ती फाईल याच्या ताब्यात. तिला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला याला खपत नसे.

कारण मुळात तो नोंदीचाच माणूस. विसाव्या वर्षी कामाला लागला तो कंट्रोल रूममध्ये, आखीव रजिस्टर घेऊन. गाडी फाटकाबाहेर पडली की लिहायची, आत आली की लिहायची. तिथल्या म्हाताऱ्या हेडक्लार्कने त्याला पहिल्याच आठवड्यात झापलं होतं. "वेळ, गाडी, माणूस. ही तीन नसतील तर ती नोंद नव्हे, नुसत्या गप्पा." ते त्याच्या डोक्यात कायमचं बसलं. पुढे कॉम्प्युटर आले तेव्हा बरोबरीचे लोक नाकं मुरडत राहिले, आणि याने चाळिशीत, चष्मा लावून, एकेक बोट दाबत सगळं शिकून घेतलं. नवा सर्व्हर बसला तेव्हा त्याने लॉगला सांगून टाकलं: सगळं लिही. साधं कुणी वेळापत्रक बघितलं तरी लिही.

हौस नडली. पाच महिन्यांत डिस्क काठोकाठ भरली आणि एका गर्दीच्या सकाळी सर्व्हर गपकन बसला. चार तास एकही तिकीट निघेना. खिडक्यांपुढे रांगा, शिव्या, एका प्रवाशाने तर चप्पल काचेवर मारली. याला मेमो मिळाला. मोठी डिस्क द्या म्हणून याने तीन अर्ज केले, तिन्हींवर "बघू" असा शेरा आला. मग याने आपल्यापुरता तोडगा काढला. बघणाऱ्यांची नोंद बंद. फक्त बदलणाऱ्यांची ठेवायची. आणि फाईली सातच. सोमवारची एक, मंगळवारची एक, अशा. पुढचा सोमवार उजाडला की सोमवारची जुनी फाईल पुसायची आणि तिच्यातच नवं लिहायला घ्यायचं. रात्री बाराच्या ठोक्याला हे आपोआप होई. डिस्क भरायचं नाव नाही.

तेव्हापासून तो छातीवर हात ठेवून सांगे, "सात वारांच्या आत या, काय हवं ते दाखवतो. आठव्या दिवशी कुणाचे वडील आले तरी मिळायचं नाही." म्हणून सातवार.

आणि दाखवायचाही तो. एका महिला कंडक्टरवर गैरहजेरी लावली होती. याने लॉगची ओळ छापून आणली: तिची हजेरी दुपारी कुणी आणि कुठल्या टेबलावरून खोडली, सगळं त्यात. ज्याने खोडली त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. ती बाई पुढे कधीही भेटली की याला वाकून नमस्कार करायची. याला भारी संकोच वाटायचा. घरी मात्र बायकोला तीन वेळा सांगितलं त्याने ते.

असा सरळ माणूस, पण भिडस्त. भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. त्या दिवसाची नोंद ज्याच्या त्याच्या टेबलावरून बदलता येई, पण दिवस उलटला की ती हाताने दुरुस्त करायचा अधिकार एकट्या याला. त्यासाठी एक छापील फॉर्म होता, त्यावर साहेबाची सही हवी. तो फॉर्म कोण भरणार? फोन यायचा. "अहो सातवार, तेवढी तारीख बदला की. कागद मागाहून पाठवतो." हा बदलायचा. कागद काही यायचा नाही. दिवसाला असे पंधरा-वीस फोन. सुरुवातीला याने कागदासाठी पाठपुरावा केला, तेव्हा लोक म्हणाले, "बघा, काय पण नाकाने कांदे सोलतोय." मग सोडून दिलं. सगळ्यांचं काम अडू नये, एवढंच त्याच्या मनात.

त्या बुधवारीही असाच एक फोन आला. दुपारी सव्वातीनच्या पुढे. ड्रायव्हरांना ड्यूटी लावणारे साहेब होते, त्यांना सगळे ड्यूटीसाहेब म्हणत. आवाज नेहमीपेक्षा जरा घाईचा. त्यांनी एक बिल्ला नंबर सांगितला. "याची कालची सुट्टी टाकायची राहून गेली. ड्यूटीच दिसतेय तिथे. ड्यूट्यांचा तक्ता जुळत नाहीये, आत्ता लगेच करा." हा दुसरीकडे एका अडकलेल्या आरक्षणाशी झगडत होता. फोन खांद्याशी धरून त्याने नंबर टाकला, ड्यूटी काढली, सुट्टी टाकली. "झालं साहेब. कागद?" "पाठवतो," साहेब म्हणाले. पुरतं एक मिनिटसुद्धा गेलं नाही.

चार वाजता चहाला तो बाहेर आला, तेव्हा डेपोच्या अंगणात माणसं घोळक्याने उभी होती. लांब पल्ल्याची गाडी उताराच्या वळणावर कठडा तोडून खाली गेली होती. पावणेतीनला. नऊ माणसं जागीच गेली, कंडक्टर धरून. ड्रायव्हर जिवंत होता पण शुद्धीवर नव्हता. कुणीतरी ड्रायव्हरचं नाव घेतलं आणि याच्या हातातला कप निसटला. तो याचा मेहुणा होता. बायकोचा धाकटा भाऊ.

छत्तिशी ओलांडली होती त्याने, तरी घरात तो बाळ्याच. आईबाप लवकर गेले, बहिणीनेच लहानाचा मोठा केला. लग्न केलं नाही, डेपोमागे एका खोलीत एकटा राही. महिन्यातून दोन-तीनदा बहिणीकडे जेवायला येई आणि येताना काहीतरी मोडलेलं घेऊन येई, कधी रेडिओ, कधी पंखा, कधी कुणाचं घड्याळ. जेवण होईस्तोवर दुरुस्त. "भाऊजी, तुमच्या त्या कपाटाला कधी हात लावू द्या, ठणठणीत करून देतो," अशी थट्टा चाले. गेले तीन आठवडे मात्र तो फिरकला नव्हता. बहिणीने फोन केला की म्हणे, "सुट्टी मिळाली की येतो, ताई. माणसंच नाहीत डेपोत."

सातवारने त्याचा बिल्ला नंबर आयुष्यात कधी विचारला नव्हता. जेवायला येणाऱ्या मेहुण्याचा नंबर कोण विचारतो? म्हणून त्या संध्याकाळी, त्या रात्री, त्यानंतरचे पाच दिवसही त्या फोनचा आणि या अपघाताचा सांधा त्याच्या डोक्यात जुळला नाही. दवाखाना, रक्त, डॉक्टर, बायकोचं रडणं, यातच तो होता. गुरुवारच्या पेपरात छापून आलं: ड्रायव्हर अपघाताच्या आदल्या दिवशी सुट्टीवर होता, पूर्ण विश्रांती झाली होती, तरी डोळा लागला, निष्काळजीपणाचा गुन्हा. वॉर्डाच्या दाराशी एक पोलीस खुर्ची टाकून बसला. मेलेल्यांपैकी एका मुलीचा बाप येऊन दारातून बाळ्याकडे बघून गेला. बोलला काहीच नाही. बायको म्हणाली, "शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

सोमवारी सकाळी बाळ्याने डोळे उघडले. दोन्ही पाय प्लॅस्टरमध्ये, डोक्याला टाके, एक डोळा सुजलेला. बहिणीने हळूहळू सांगितलं त्याला. नऊ हा आकडा ऐकल्यावर तो बराच वेळ छताकडे बघत राहिला. मग म्हणाला, "ताई, चौथा दिवस होता तो सलग. मंगळवारी सुट्टी मागितली होती मी. दिली नाही. डोळ्यांपुढे अंधारी येत होती गं सकाळपासून."

नियम साधा होता. लांब पल्ल्याच्या दोन ड्यूट्या झाल्या की एक दिवस सक्तीची सुट्टी. ती दिली नसेल तर दोष ड्यूटी लावणाऱ्याचा. दिली असेल तर सगळं ड्रायव्हरच्या माथी. आणि सर्व्हर सांगत होता, दिली होती. मंगळवारी गाडीवर कोण होतं ते लिहिलेला कागद डेपोतून नाहीसा झालेला. तक्ता नव्याने छापून भिंतीवर लावलेला.

बायको तडक अपघाताची चौकशी करणाऱ्या समितीकडे गेली. समितीतल्या माणसाने तिचं म्हणणं लिहून घेतलं आणि म्हणाला, "बाई, बहिणीचं बोलणं हा पुरावा होत नाही. नोंद नंतर बदलली असेल तर तसं दाखवा." ती घरी आली ती चेहरा उजळूनच. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "अहो, नोंद बदलली असेल तर तुमच्या लॉगमध्ये असेल ना? बुधवारची फाईल? अजून आहे ना ती?"

"उद्यापर्यंत आहे," तो म्हणाला.

"मग झालं तर!" ती म्हणाली. "तुम्ही आहात म्हणून बरं."

मंगळवारी तो अर्धा तास आधीच कामावर पोचला. स्वेटर न घालताच बसला आणि बुधवारची फाईल उघडली. बाळ्याचा बिल्ला नंबर बायकोने कागदावर लिहून दिला होता. तो टाकून शोधलं. एकच ओळ निघाली.

तीन वाजून बावीस मिनिटं. ड्यूटी काढली, सुट्टी टाकली. कुठल्या यंत्रावरून, तर सर्व्हरवरूनच. कुणी, तर पुढे याचं स्वतःचं नाव.

त्याने ओळ पुन्हा वाचली. तिसऱ्यांदा वाचली. मग कानात तो घाईचा आवाज आला, खांद्याशी धरलेला फोन आठवला. त्याने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. म्हणजे पावणेतीनला गाडी पडली, ड्यूटीसाहेबाला कळलं, आणि पाऊण तासाच्या आत त्याने हे करून घेतलं. याच्याकडून. सख्ख्या मेहुण्याच्या गळ्यात फास, आणि गाठ मारली ती याने.

अकरा वाजता समितीचं पत्र आलं. अपघातानंतर सदर ड्रायव्हरच्या नोंदीत काही बदल झाल्याचं सर्व्हरच्या लॉगमध्ये आढळतं काय? आढळत असल्यास सादर करावं. उत्तर दोन दिवसांत.

तो उठला आणि ड्यूटीसाहेबाकडे गेला. केबिनमध्ये दुसरं कुणी नव्हतं. "साहेब," हा म्हणाला, "तो बुधवारचा फोन तुमचा होता."

"कुठला फोन?" साहेबाने कागदावरून मानही वर केली नाही.

"सव्वातीनचा. सुट्टी टाकायला सांगितलीत तुम्ही."

"मी? लेखी आहे काही?"

"तुम्ही म्हणालात कागद पाठवतो."

आता साहेबाने पेन खाली ठेवलं. रागावला असता तर याला सोपं गेलं असतं. पण तो अगदी समजुतीच्या सुरात बोलायला लागला. "हे बघा. फोन दिवसभर येतात-जातात, कोण कुणाला काय बोललं याला साक्ष नाही. बदल कुणाच्या नावावर आहे? तुमच्या. ड्रायव्हर कोण आहे? तुमचा मेहुणा. अपघातानंतर तुम्ही त्याची नोंद बदललीत. का बदललीत, ते तुम्हीच सांगायचं. घाबरून केली असेल, नीट कळलं नसेल, काहीही. नोकरी जाईल, डेपोने राहायला दिलेली खोली जाईल, आणि पोलीस नऊ माणसांचं प्रकरण एवढ्यावर सोडत नाहीत. मुलगी शेवटच्या वर्षाला आहे ना तुमची?"

साहेबाने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. "आज मंगळवार नाही का?" असं म्हणाला आणि पुन्हा पेन उचललं.

सारा डेपो त्याला ज्या नावाने हाक मारत होता, ते साहेबालाही माहीत होतंच की.

खोलीत परत येऊन तो बसून राहिला. फोन वाजत होते, त्याने उचलले नाहीत. राग कुणाचा करावा तेही त्याला सुचेना. साहेबाचा? तीनदा "बघू" लिहिणाऱ्यांचा? का स्वतःचा, पस्तीस वर्षं नोंदी सांभाळून एका फोनवर विकल्या गेलेल्या या गाढवाचा? शेवटी आपलंच नाणं खोटं, असं तो स्वतःशीच मोठ्याने म्हणाला.

दुपारनंतर त्याच्या मनात एकेक भलतंसलतं यायला लागलं. ती फाईल म्हणजे काय, साधा मजकूर. आपलं नाव काढून तिथे साहेबाचं घातलं तर कोण ओळखणार? इतकी वर्षं तो लोकांना सांगत आला की लॉग खोटं बोलत नाही. आणि कुणालाही ती ओळ अर्ध्या मिनिटात बदलता येते, हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. त्याने ओळीवर कर्सर नेऊन ठेवलासुद्धा. पण हात वळेना. ते पाप त्याच्याने झालं नाही, आणि त्याबद्दल त्याला स्वतःचा थोडा अभिमानही वाटला. काय माणूस असतो बघा!

मग त्याने सूचनांची फाईल उघडली. जुनी फाईल पुसायची की नाही, हे सांगणारी एक ओळ तिच्यात होती. ओळीच्या शेवटी शब्द होता 'ऑन'. तिथे 'ऑफ' केलं की रात्री काहीही पुसलं जाणार नव्हतं. नवं लिखाण जुन्याच्या खाली सुरू झालं असतं आणि ती ओळ तशीच राहिली असती. एक शब्द बदलायचा, की बाळ्या सुटला. निदान त्याच्यावरचा अर्धा भार तरी उतरला.

त्याने 'ऑफ' केलं. फाईल साठवली नाही. बघत बसला. मुलगी डोळ्यांपुढे आली. सामान हातगाडीवर घालून खोली सोडणारी बायको आली. दारातून बघून गेलेला तो बाप आला. मनात म्हटलं, पत्र आलं त्याच दिवशी सूचना बदलली तर लोक म्हणतील, आजच का बदलली? इतकी वर्षं हात लावला नाही, आज का लावला? म्हणजे हात न लावणंच सरळ. नियमाप्रमाणे जे व्हायचं ते होऊ दे. मी काही पुसत नाही. आपोआप होतंय.

स्वतःला फसवायला माणसाला वकील लागत नाही. त्याने पुन्हा 'ऑन' केलं, फाईल बंद केली आणि सहाच्या ठोक्याला, रोजच्यासारखा, कुलूप लावून निघाला.

बायको दारातच उभी होती. "मिळालं?"

"शोधतोय," तो म्हणाला. "खूप ओळी असतात अगं."

"उद्या सकाळी मिळेल ना?"

"बघू," तो म्हणाला. कधी कुणाला न म्हटलेला शब्द.

बुधवारी सकाळी जाऊन त्याने फाईल उघडली. पहिलीच ओळ बारा वाजून शून्य मिनिटांची, आजची. खाली रात्रीच्या गाड्यांचे बदल. बाळ्याचा नंबर टाकून शोधलं, काही नाही. त्याने कोरा कागद घेतला आणि सुवाच्य अक्षरात उत्तर लिहिलं: सर्व्हरच्या लॉगमध्ये सदर ड्रायव्हरच्या नोंदीतील बदल आढळत नाही. लॉग सात दिवस ठेवण्याची व्यवस्था आहे. खाली सही. सही केली तेव्हा त्यातला शब्द न् शब्द खरा होता. म्हणूनच तर काल केली नव्हती त्याने.

दुपारी तो दवाखान्यात गेला. बायको औषधं आणायला खाली गेली होती. पोलीस दाराबाहेर पेपर वाचत होता. बाळ्या जागा होता आणि दोन दिवसांत आणखीनच आटल्यासारखा दिसत होता.

"भाऊजी, या," तो म्हणाला. "मी तुमचीच वाट बघत होतो. मिळालं का काही?"

"नाही रे. त्यात काही नाही."

बाळ्याने एकदम याचा हात धरला. "मला वाटलंच. भाऊजी, मला काही नीट आठवत नाहीये हो. डॉक्टर म्हणाले, डोक्याला मार आहे, मागचेपुढचे दिवस एकमेकांत मिसळतात. मला वाटतं मंगळवारी मी गाडीवर होतो. पण ते सोमवारचं असेल तर? सर्व्हर म्हणतो सुट्टी होती. पेपर म्हणतो सुट्टी होती. तुमच्या लॉगमध्येही काही नाही. सगळे खोटे आणि मी एकटा खरा, असं कसं असेल?" सुजलेल्या डोळ्यातून पाणी कानाकडे ओघळत होतं, ते पुसायचं त्याला भानही नव्हतं. "रात्रंदिवस तेच चाललंय डोक्यात. वेड लागेल मला. तुम्हीच सांगा. तुम्ही म्हणाल ते मी खरं धरतो. होतो का मी सुट्टीवर?"

खरं सांगायचं तर हीच वेळ होती. ओळ गेली होती, पण ओळ वाचणारा होता की अजून! नुसतं तोंड उघडायचं होतं.

"होतास," तो म्हणाला.

"मग मंगळवारी मी होतो कुठे?"

आता मागे फिरायला वाट नव्हती. "आमच्याकडे आला होतास. जेवलास. दुपारी झोपलास."

"झोपलो?"

"चांगला दोन-तीन तास."

बाळ्याने हात सोडला. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "म्हणजे झोप झाली होती माझी. झोप झालेली असताना मी नऊ माणसं मारली."

"कधी आला होता हा?"

बायको दारात उभी होती. हातात औषधांची पिशवी. तिने किती ऐकलं ते तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. "अहो, मी विचारतेय. कधी जेवला हा आपल्याकडे? तीन आठवडे उंबरा चढला नव्हता तो आपला."

हा जमिनीकडे बघत राहिला. ती भावाच्या उशाशी गेली, त्याचं तोंड तिने दोन्ही हातांत धरलं. "बाळ्या, ऐक माझं. तू आला नव्हतास. मी रोज वाट बघत होते तुझी. तू गाडीवर होतास रे. मी सांगते ना तुला."

बाळ्या तिच्याकडे बघून हसला. केविलवाणं, पण मायेनं. "ताई, तू मला वाचवायला बघतेस. लहानपणापासून तेच करत आलीस. पण भाऊजी खोटं बोलत नाहीत गं. उभ्या डेपोत कुणालाही विचार." मग त्याने मान वळवून याच्याकडे बघितलं. "भाऊजी, त्या पोलिसाला आत बोलवा. मला लिहून द्यायचंय सगळं."

बायको वळली. नुसती बघत राहिली नवऱ्याकडे, की हा आता तरी बोलेल.

तो उठला आणि पोलिसाला बोलवायला बाहेर गेला.